दोनदा वाचलेला आकडा

"माझी मंजुरी मी वाचलेल्या आवृत्तीला असते, तिच्या धाकट्या भावंडांना नाही," इतरांचा कोड तपासून मंजूर करणारा रॉस निवृत्त होताना म्हणाला होता. टॅम्सिनच्या कडेवर पोर रडत होतं. म्हातारा उगाच शब्दांचा कीस पाडतोय, म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं.

सोमवारी होबार्टच्या ऑफिसातून तिचा वरिष्ठ लॉकलन फोनवर ओरडला. "आईसाहेब, रजा पुरे! सर्व्हर पुन्हा कोसळला!"

एका सर्व्हरच्या पोटात अनेक भाडेकरूंची, म्हणजे ग्राहकांची, आभासी मशिनं चालत. किती मेमरी हवी याचा भाडेकरू एक आकडा देई. ड्रायव्हर हा सर्व्हरवरचा प्रोग्राम तो तपासून तेवढीच मेमरी उघडून देई. ती तपासणी त्यांच्याच ऑफिसातल्या सेमिसीनं लिहिलेली. सर्व्हर पहिल्यांदा कोसळला तेव्हा त्याला कामावरून काढलं होतं, आणि जगभरचे लोक वाचतात त्या मेलिंग लिस्टवर लॉकलननं लिहिलं होतं: निष्काळजीपणा. या धंद्यात एवढं झालं की दुसरीकडे कोणी उभं करत नाही.

टॅम्सिननं कोड उघडला. तपासणी जागच्या जागी होती. मग चोर शिरला कुठून?

"कुठली मशिनं सर्व्हर पाडतात?"

"मोठी, अनेक कोअरची. एकाच कोअरवालं कधीच नाही. का, ते देव जाणे."

"आणि हा ड्रायव्हर पूर्वीपेक्षा वेगवान दिसतोय. तो कधी झाला?"

"शेवटच्या आवृत्तीत. मीच जरा हात फिरवला. रॉसची मंजुरी आहे की त्यावर!"

तिनं रॉसला फोन लावला.

"शेवटची आवृत्ती? ती मला कोणी दाखवलीच नाही," रॉस म्हणाला. "मी पाहिली त्यात सेमिसीनं आधी आकडा ड्रायव्हरच्या स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतला होता, मग तपासला होता. चोख काम."

दुपारी बाळाला मांडीवर घेऊन ती लॉकलनसमोर बसली.

"वेगासाठी तू ती उतरवून घ्यायची ओळ काढलीस. आता ड्रायव्हर भाडेकरूच्याच मेमरीतून आकडा दोनदा वाचतो. एकदा तपासायला, एकदा वापरायला. मधल्या क्षणात भाडेकरू तो बदलतो, आणि न तपासलेला आकडा वापरला जातो. त्यासाठी त्याच क्षणी काम करणारा दुसरा कोअर लागतो. म्हणून एका कोअरवाल्या मशीननं सर्व्हर कधी पाडला नाही. आणि रॉसचं नाव जुन्या आवृत्तीवरून नव्यावर तसंच चिकटवलंस."

"छोट्या बदलात मंजुरी पुढे नेतातच. सगळेच नेतात!"

"नेतात. पण दोष सेमिसीच्या गळ्यात का घातलास? ती ओळ तू काढलीस, हे तुला ठाऊक होतं."

लॉकलन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत, टॅम्सिन. त्याच्या हाताखाली कोणी नव्हतं."

तिनं ओळ परत घातली आणि लिस्टवर पाठवलेल्या दुरुस्तीखाली लिहिलं: सेमिसीचा मूळ कोड बरोबर होता. लिस्टवर कोणी चकार शब्द काढला नाही. लॉकलनची खुर्ची शाबूत राहिली.

सेमिसीचा फोन बंद आहे. ग्लेनॉर्कीला जाऊन टॅम्सिननं त्याचं दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता. कोणी उठलं नाही. कडेवरचं बाळ किरकिरू लागलं, तशी ती परतली.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर तिचं एवढंच मागणं आहे. एकदा त्याचं दार वाजवा. ऑफिसातलं कोणाचंच नाव घेऊ नका. तो उघडेपर्यंत मात्र तिथून हलू नका.