शंभर टक्के जुळणी

पडद्यावरचे जुळणीचे आकडे एकेक करून शंभरावर पोहोचले आणि तिथेच थांबले.

"शंभर," तंत्रज्ञ इम्तियाज मुल्ला मोजत होता. "दोन नंबर कोठी, शंभर. तीन, शंभर. मॅडम, असलं मी जन्मात बघितलं नव्हतं."

डॉ. सुनेत्रा हेरवाडे यांनी चष्मा काढून पदराला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. आकडे तसेच होते.

इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीत ही श्रवण प्रयोगशाळा होती. पूर्वी जिथे कापसाच्या गासड्या रचायचे, तिथे आता रांगेने श्रवणकोठ्या होत्या. कोठी म्हणजे एका माणसापुरती आवाजबंद खोली. आत खुर्ची, कानांवर श्रवणी आणि डोक्यावर तारांचा टोप. हा टोप म्हणजेच अपेक्षालेखक. ऐकणाऱ्याचा मेंदू पुढच्या क्षणी कोणता शब्द, कोणता ठोका येईल असं धरून चालला आहे, हे तो वाचायचा. मागची यंत्रणा तेवढ्या वेळात गाणं बदलायची आणि ऐकणाऱ्याला हवं होतं तेच द्यायची. अशा अल्बमला त्यांनी नाव ठेवलं होतं बहुरूपी. अल्बम एकच, पण ऐकणारा बदलला की रूप बदललं.

आजचा बहुरूपी अल्बम शिवलीला होगाडेचा होता.

शिवलीलाला गेल्या महिन्यात अठरावं संपलं होतं. भिंतीला टेकून ती नखं खात होती. अल्बमचं नाव 'मुकी'. अकरा गाणी, एकेचाळीस मिनिटं, आणि अकराही गाणी तिच्या आईवर, नावानिशी. कलावती होगाडेने बावीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या आणि तीन वर्षांपूर्वी ती गेली. घरात ती दिवसाला दहा वाक्यं बोलायची, त्यांतली सहा 'जेवलीस का' असायची. आई न बोलता गेली, म्हणून आता तिच्या वतीने आपण बोलायचं आणि ते लोकांनी ऐकायचं. शिवलीलाला जगात एवढंच हवं होतं. दोन वर्षं अकरावी-बारावीच्या वह्यांच्या मागच्या पानांवर तिने दुसरं काही लिहिलं नव्हतं.

"अभिनंदन," सोहम वर्तक म्हणाला. तो 'नादवेध' कंपनीचा माणूस, सकाळीच पुण्याहून आला होता. त्याने कराराची इलेक्ट्रॉनिक पाटी पुढे केली. पाटीवर अंगठ्यासाठी निळा गोल लुकलुकत होता. "एक वाजेपर्यंत तुझा संमतीचा अंगठा हवा. एक वाजता अल्बम एक कोटी फोनांवर जाईल, त्यांच्या श्रवणींत अपेक्षालेखक बसवलेलाच आहे. नाहीतर ही जागा दुसऱ्या कलाकाराला द्यावी लागेल. आणि एकदा बहुरूपी झाला की मूळ अल्बम वेगळा काढायचा नाही, हे करारात वाचलंयस ना?"

"वाचलंय."

"मग घाबरतेस कशाला? सगळ्यांना आवडलाय."

साडेबारा वाजले होते.

चाचणीआधी इम्तियाजने कोठ्यांत बसणाऱ्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता: भारी रॅप अल्बममध्ये तुम्ही काय शोधता? उत्तरं शिवलीलाला पाठ झाली होती. रिक्षावाले बाबूराव म्हणाले, आमच्या गल्लीचं नाव आलं पायजे, पुण्या-मुंबईचं ऐकून कान किटले. तंत्रनिकेतनातल्या समीरला खुन्नस हवी होती, पण यमक ढिलं पडलं की तो बंद करतो. मराठी शिकवणाऱ्या पाटीलबाईंना प्रत्येक शब्द स्वच्छ कळायला हवा होता. दहावीतली श्रेया म्हणाली, शिव्या असाव्यात पण आईसमोर लावता आलं पाहिजे. हे कसं जमणार, असं इम्तियाजने विचारलं, तर म्हणाली, तो तुमचा प्रश्न आहे.

यंत्राने ते जमवलं होतं. बाबूरावांना त्यांची गल्ली मिळाली, समीरला खुन्नस.

कोठ्यांची दारं उघडली. आधी बाबूराव बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कधी चालू करणार वं?"

इम्तियाज हसला. "काय चालू करणार?"

"अल्बम. पाच मिनटं झाली बसलोय. माझी रिक्षा स्टँडला आहे."

"काका, एकेचाळीस मिनिटं झाली. घड्याळ बघा की."

बाबूरावांनी घड्याळ बघितलं, मग कानाला लावून बघितलं. तेवढ्यात समीर आला. त्याने श्रवणी टोपासकट हातातच आणली होती. "ह्याची वायर गेली असेल. काही लागलंच नाही."

"एक ओळ सांग," डॉक्टर हेरवाडे पुढे होऊन म्हणाल्या. "कुठलीही. एक शब्द सांग."

"लागलंच नाही तर कुठनं सांगू?"

पाटीलबाईंनी तर वर्गात विचारतात तसं विचारलं, "सुरुवात कधी होणार आहे, कळेल का?" श्रेयाने टोप काढलाच नव्हता. आत बसूनच ती पुन्हा पुन्हा सुरू करण्याचं बटण दाबत होती.

शिवलीलाने पडद्याकडे पाहिलं. टोपांनी टिपलेल्या आठ जणांच्या आनंदाच्या रेघा वरच्या कडेला लागल्या होत्या.

"यंत्र बिघडलंय," ती इम्तियाजकडे वळून म्हणाली. "सर, यंत्रच बिघडलंय ना?"

"यंत्र बरोबर आहे." डॉक्टर हेरवाडेंचा आवाज एकदम बारीक झाला होता. "इम्तियाज, पहिल्या प्रयोगात आपण जुळणी कुठपर्यंत नेली होती?"

"ऐंशी टक्के."

"आणि तोवर लोकांचा आनंद?"

"चढताच. सरळ रेघ होती की."

"मग शंभरावर काय होईल ते आपण कशावरनं ठरवलं?"

इम्तियाजने मान खाजवली. "पट्टी लावून रेघ पुढं ओढली, मॅडम. कंपनीला घाई होती."

"पट्टी मीच दिली होती तुला," डॉक्टर म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

"मला कुणी मराठीत सांगेल का?" वर्तक म्हणाला.

"मेंदू सगळं ऐकत नाही," डॉक्टर सांगू लागल्या. "तो आधी अंदाज बांधतो, पुढं काय येणार याचा. कानाकडून आलेला निरोप अंदाजाशी जुळला तर तो तिथल्या तिथे खोडून टाकतो. जुळला नाही तरच वर पाठवतो. आम्ही त्याला चूकसंकेत म्हणतो. सकाळी सदरा घातला की अंगाला कळतो, दहा मिनिटांनी कळत नाही. सदरा असतोच."

"पण ऐंशीला लोकांना ऐकू येत होतं."

"ऐंशीला वीस टक्के चूक उरत होती," इम्तियाज हळू म्हणाला. "ऐकू येत होती ती तेवढीच. तिच्यावरच खूश होते लोक."

"आणि आता ती आपण काढून टाकली," डॉक्टर म्हणाल्या. "आनंदाची रेघ वर आहे, कारण मेंदूचा एकही अंदाज चुकला नाही. पण त्याच्यापर्यंत काही पोचलंही नाही."

आतल्या कोठीतून श्रेयाच्या बटणाचा टकटक आवाज येत होता.

मग वर्तक हसला. मनापासून हसला. "म्हणजे तिला वाटतंय अजून सुरू व्हायचाय. म्हणून ती परत लावतेय." त्याने पाटीवर काहीतरी भराभर टिपलं. "शिवलीला, लोक एखादं गाणं दिवसात दोनदा ऐकतात. हे वीसदा लावतील. एक कोटी माणसं, प्रत्येकी वीस वेळा. असा अल्बम आजवर झालेला नाही."

"आणि एकदाही ऐकणार नाहीत."

"कुणाची तक्रार आहे? त्या मुलीचा चेहरा बघ. वाईट तुला एकटीलाच वाटेल."

"ऐंशीवर आणा मग. मॅडम, ऐंशीवर येतं ना?"

"करारात शंभर आहे," वर्तक म्हणाला. "जाहिरातीतही शंभर आहे. बारा चाळीस झालेत, बाळा."

गाण्यांत ती जेवढी ठाम होती तेवढी प्रत्यक्षात नव्हती. एक कोटी हा आकडा तिने वहीत लिहूनसुद्धा पाहिला नव्हता. आईचं नाव एक कोटी फोनांत. भले ऐकू येईना का, असेल तर खरं. अंगठा पाटीच्या दिशेने अर्धा गेला, आणि मग तिने समीरच्या हातातला टोप श्रवणीसकट घेऊन स्वतःच्या डोक्यावर चढवला.

"चौथं गाणं लावा. 'कांडी'."

"तुला काय हवंय ते यंत्र वाचेल," इम्तियाज म्हणाला. "तुला तुझंच गाणं हवंय. तेच येईल बघ, जसंच्या तसं."

"येऊ दे. मला कळेल की. माझंच आहे."

तिने डोळे मिटले. 'कांडी'त दुसऱ्या कडव्याला सगळा ठेका थांबतो आणि ती एकटी म्हणते: आई मुकी माझी, बावीस वर्षं मुकी. हे रेकॉर्ड करताना ती तीनदा रडली होती. त्यानंतर जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा तिला डोळे पुसावे लागले होते. ती वाट बघत राहिली.

"लावा की," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले. इम्तियाज तिच्याकडे न बघता तारा गुंडाळत होता.

"झालं?"

"चार मिनिटं झाली. संपलं."

"आईची ओळ आली?"

"आली."

तिने टोप काढला. "मी एरवी ऐकते तेव्हा तर येते ऐकू."

"एरवी तू कुठंतरी चुकतेस," डॉक्टर म्हणाल्या. "श्वास अर्धा क्षण पुढेमागे धरतेस. यंत्र तेवढंही चुकू देत नाही."

"दहा मिनिटं," वर्तक म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. "हे बघ, तुझ्या आईला तसंही कोण ओळखतं? निदान नाव जाईल. नाही म्हणालीस तर हा अल्बम तुझ्या फोनमध्ये राहील आणि तू सीईटी देशील."

डॉक्टर अचानक म्हणाल्या, "इम्तियाज, नऊ खुर्च्या मांडल्या होत्या ना? आकडे आठच कसे?"

"नववा माणूस आलाच नाही. चहाच्या रत्नाक्का आल्या होत्या, त्यांना बसवलं. पण त्यांचा आकडा लागेना. म्हणून यादीतनं काढला."

"लागेना म्हणजे?"

"जन्मात रॅप ऐकलेला नाही. काय शोधता विचारलं तर म्हणाल्या, मी कशाला शोधू, काय हरवलंय? टोपाला अंदाजच सापडेना. अंदाज नाही म्हटल्यावर यंत्र काय बदलणार? मूळ अल्बम तसाच लागला असेल."

"मग त्या बाहेर का नाही आल्या?"

इम्तियाज उठायच्या आत नववं दार उघडलं. रत्नाक्का चौगुले साठीच्या, काटक, नेसूचा ओचा खोचलेला. गेटजवळ त्यांची चहाची गाडी होती. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि त्या संतापल्या होत्या.

"ह्यातली होगाड्याची पोरगी कोण?"

"मी," शिवलीला म्हणाली.

"कलावतीची तू? एक गाणं दोनदा ऐकलं मी, आपला कान खोटा नको म्हणून. हे चार नंबरचं कुणी सांगितलं तुला लिहायला?"

"कुणी नाही. मीच लिहिलंय."

"आई मुकी, बावीस वर्षं मुकी. दुसऱ्या कडव्याला, सगळं वाजायचं थांबल्यावर. हेच म्हणालीस ना?"

शिवलीला एक पाऊल पुढे आली. सबंध सकाळभरात तिची ओळ कुणीतरी पहिल्यांदा उच्चारली होती.

"हेच."

"खोटं हाय ते."

"सात मिनिटं," वर्तक म्हणाला. "आजीबाई, आपण नंतर..."

"तू गप रं. अठरा वर्षं मी तिच्या शेजारी कांड्या भरल्यात. मुकी म्हणं. अगं, शेडमध्ये कोण आवाजानं बोलतंय? चोवीस माग सुरू असल्यावर वरडलं तरी ऐकू येतंय व्हय? आम्ही समद्या ओठांनी बोलायचो. नुसते ओठ हलवायचे, समोरचीनं बघून वळखायचं. कलावती तर कामाची पाळी सुरू झाल्यापास्नं संपेपतूर थांबायची नाही. मालकाची नक्कल करायची, मालकाच्या पाठीमागं उभी राहून. हसून हसून आमच्या कांड्या सुटायच्या."

"माझी आई?"

"तुझीच. घरी आली की तोंड दुखायचं तिचं. म्हणून गप."

शिवलीला खाली बसली, सरळ फरशीवर. अकरा गाणी. अकराच्या अकरा चुकली होती. अल्बमचं नावसुद्धा.

वर्तक तिच्यासमोर उकिडवा बसला आणि पाटी धरली. "ऐक माझं. ही चूक कुणालाच कळणार नाही. कुणाला ऐकूच येणार नाहीये. याहून बरी सोय कुठे मिळणार?"

ते खरं होतं. कुणाला कळलं नसतं. शिवलीलाने निळ्या गोलाकडे पाहिलं. आपल्याला काय हवं होतं हे तिला सकाळपर्यंत पक्कं ठाऊक होतं, आणि यंत्राने ते पुरतं दिलंही असतं.

"मला दुरुस्त करायचंय," ती म्हणाली.

"वेळ नाही."

"मग राहू दे."

"एक कोटी, शिवलीला."

"ह्यांनी एकटीनं ऐकलंय." तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले, अंगठ्यांसकट. "आणि त्यात चूक निघालीय."

पाटीवरचा गोल एक वाजता करडा झाला. वर्तकने ती खटकन मिटली, डॉक्टरांना कंपनीचं पत्र येईल असं सांगितलं आणि तो निघून गेला. बाबूराव कुणाला न विचारता रिक्षाकडे गेले. डॉक्टर हेरवाडे आत जाऊन श्रेयाच्या डोक्यावरचा टोप हळूच उतरवू लागल्या, तशी ती 'आत्ता सुरू होणार होता' म्हणून रडायलाच लागली.

शिवलीला फरशीवरून उठली नाही. "रत्नाक्का, माझ्याबद्दल काय म्हणायची ती?"

रत्नाक्कांनी इम्तियाजकडे पाहिलं, अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. मग ओचा सावरत त्या पोरीच्या समोर मांडी घालून बसल्या.

"मोठ्यानं सांगण्यासारखं नाही ते," त्या म्हणाल्या. "बघ माझ्या तोंडाकडं."

त्यांचे ओठ हलू लागले. आवाज अजिबात नव्हता. शिवलीलाला पहिला शब्द कळला नाही, दुसराही नाही. पुढे काय येणार याचा तिला कसलाच अंदाज नव्हता, म्हणून ती आणखी पुढे सरकली.