पिकअपखालचा फोम

मिलिमीटर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते बायकोने ठेवलेलं. आधी मुलीने उचललं, मग ऑफिसने आणि शेवटी गल्लीने. वजनमापं तपासण्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. दुकानदाराच्या तराजूत चार ग्रॅमचा फरक निघाला की यांच्या घशाखाली घास उतरत नसे. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्यांना एक जुना प्लॅटफॉर्म काटा आणि वीस किलोचं प्रमाण वजन भेट दिलं. लोक पोट धरून हसले. मिलिमीटरांनी काटा घरी आणून आधी तपासला आणि मगच आभाराचं पत्र धाडलं.

बायको कॉलेजात बेस गिटार वाजवायची. लग्नानंतरच्या घरबदलात ती गिटार हरवली, तेव्हा "मी बनवून देईन तुला, स्वतःच्या हाताने," असं मिलिमीटर बोलून गेले. बोलायला काय जातं? पण निवृत्त झाल्यावर त्यांनी खरोखरच लाकूड आणलं. सहा महिने सुकवलं, तासलं, नापास केलं, दुसरं आणलं.

"माझी बोटं वाकायच्या आत होईल ना?" बायको विचारायची.

बोटं वाकली नाहीत. ती गेली तेव्हा गिटार म्हणजे आकार दिलेली एक फळी होती.

आता मुलीने धोशा लावला होता, माझ्याकडे राहायला या म्हणून. ती दुसऱ्या शहरात. घराला गिऱ्हाईकही तिनेच पाहिलं होतं. मिलिमीटरांची अट एकच: आईची गिटार पुरी होऊ दे, मग येतो.

"बाबा, एक लाकूड आणि चार तारा. अजून किती राहिलंय?"

"अडीच मिलिमीटर."

"आईने नाव ठेवलं ते उगीच नाही. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतेय मी. त्या दोन खुर्च्या भंगारवाल्याला देऊन टाका, इकडे जागा नाही."

त्या दोन खुर्च्या मागच्या खोलीत होत्या, कामाच्या टेबलासमोर, खिडकीला लागून. डावी तिची, उजवी त्यांची. रोज चार वाजता ती कप घेऊन डावीत बसायची आणि त्यांचं काम बघायची. हे दमून उजवीत टेकले तरी हातातली पट्टी सुटायची नाही. साडेपाचला ती उठायची, चपला घालायची, "बसा मोजत" म्हणायची आणि एकटीच फिरायला जायची. हे म्हणायचे, उद्या येतो. असे किती उद्या झाले हे मात्र मोजलेलं नव्हतं.

राहिलेले अडीच मिलिमीटर पिकअपचे होते. पिकअप म्हणजे साबणाच्या मोठ्या वडीएवढी काळी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तारेचं वेटोळं. वरची पोलादी तार थरथरली की त्याला ऐकू येतं. जवळ असला की आवाज भरदार, लांब गेला की मलूल. तो लाकडात कोरलेल्या खोबणीत दोन स्क्रूंवर बसतो. पण स्क्रू त्याला वर जाऊ देत नाहीत, एवढंच. खाली घसरला तर धरत नाहीत. म्हणून खालून काहीतरी टेकू लागतो, दाबला तर दबेल आणि सोडला तर वर येईल असा.

डाव्या खुर्चीचं कापड शिवणीत उसवलं होतं आणि आतला फोम दिसत होता. खुर्ची जायचीच आहे भंगारात, असा हिशोबी विचार करून मिलिमीटरांनी नऊ बाय चार सेंटिमीटरचा तुकडा कापला, खोबणीत ठेवला, वर पहिला पिकअप बसवला. तार आणि पिकअप यांत अंतर बरोबर अडीच. ते खूश झाले. खूश झाल्याचं सांगायला मागे वळले आणि पुन्हा पुढे वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिटार टेबलावरच्या छोट्या स्पीकरला जोडून ते जाड तार छेडून बघत होते. भरदार आवाज टेबलाच्या लाकडातून कोपरापर्यंत येत होता. अचानक तो पातळ झाला, जणू वाजवणारा शेजारच्या खोलीत गेला. त्यांनी पट्टी लावली. पाच मिलिमीटर. पिकअप खाली गेला होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून मिनिटही झालं नव्हतं.

साडेपाचला अंतर पुन्हा अडीच झालं.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ते रेडिओवाल्याकडे गेले. पिकअप त्याच्याच दुकानातून घेतले होते.

"काका, जुना फोम असाच बसतो," रेडिओवाला म्हणाला. "माणूस नाही का बसत म्हातारपणी?"

"पण दीड तासाने उठतो."

"मग माणसापेक्षा बराच म्हणायचा." त्याने दोन स्प्रिंगा कागदात बांधून दिल्या. "फोम काढून टाका. या घाला. जन्मात हलणार नाहीत."

स्प्रिंगा खिशात घेऊन मिलिमीटर घरी आले. फोम काढला आणि नुसता टेबलावर ठेवला. त्यावर काही नाही, आजूबाजूला काही नाही, खिडकी बंद.

चार वाजता फोम दबला.

एकदम नाही. आधी एक कड, मग दुसरी, मग सगळा. जसं कुणी खुर्चीचा हात धरून सावकाश टेकावं तसा. मिलिमीटरांनी नखाने कड उचलून पाहिली. उचलली जाईना.

घाबरायला हवं होतं. पण सवय वाईट. साडेपाचनंतर त्यांनी कपाटातून प्रमाण वजनांची पेटी काढली आणि फोम तितकाच दबेपर्यंत त्यावर वजनं चढवली. नऊशे पंचवीस ग्रॅम लागले. मग खुर्चीची बैठक मोजली, तुकड्याचं क्षेत्रफळ काढलं आणि पूर्ण बैठकीवर किती भार होईल त्याचं त्रैराशिक मांडलं.

बावन्न किलो.

शेवटी दवाखान्यात तिचं वजन एक्केचाळीस होतं. बावन्न हे आजाराआधीचं.

त्यांनी पेन्सिलीने आकड्याखाली रेघ मारली. मग खिशातल्या स्प्रिंगा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मुलीच्या घरी खुर्चीला जागा नव्हती. गिटारीला होती.

पण या बेसला पिकअप दोन लावायचे होते, आणि दुसरी खोबण रिकामी होती. बाजारात नवा फोम मिळत होता. मिलिमीटर उजव्या खुर्चीसमोर उभे राहिले, बैठकीवरून हात फिरवला आणि शिवणीत कात्री घातली.

"जोडी तरी होईल," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत त्यांचा आवाज जरा जास्तच मोठा वाटला.

दुसरा पिकअप अडीचवर बसला आणि बसलेला राहिला. चार वाजता पहिला खाली गेला, दुसरा जागचा हलला नाही. बरोबरच होतं. जिवंत माणसाचं वजन त्याच्याजवळच असायचं.

सोमवारी त्यांनी नेहमीसारखं सकाळी काट्यावर उभं राहून वजन पाहिलं: अडुसष्ट. मंगळवारी साडेचौसष्ट. स्वतःच्या हातचं खाऊन अंगावर मूठभर मांस चढलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं म्हणून त्यांनी रात्री एक पोळी जास्त खाल्ली. बुधवारी एकावन्न. काटा बिघडला म्हणून वीस किलोचं वजन ठेवून पाहिलं. काटा वीसवर.

त्या दुपारी दुसरा पिकअप पाऊण मिलिमीटर खाली गेला.

गुरुवारी जिना चढताना दम लागला नाही. शेजारच्या मास्तरीणबाई वरून उतरत होत्या. त्या यांच्या अंगावरच आल्या आणि दचकल्या.

"अगंबाई, मिलिमीटरकाका! पायांचा आवाजच नाही हो तुमच्या."

"नवीन चपला," मिलिमीटर म्हणाले. चपला सात वर्षांच्या होत्या.

रात्री मुलीचा फोन आला. "झाली का गिटार?"

"झाली."

"खरंच?" तिला विश्वास बसेना. "मग आता एकटे बसू नका तिथे. रविवारी मी येतेच आहे."

"एकटा नाही गं," ते म्हणाले. पुढे काय सांगावं ते न सुचल्याने त्यांनी गाडीत सामान कसं लावायचं ते विचारलं. गिटार कुणाच्या तरी मांडीवर घ्यायची, उलटी ठेवायची नाही, हे तीनदा बजावलं.

शनिवारी त्यांनी टेबल आवरलं, हत्यारं पुसून पेटीत भरली. कप घेतला. चारला दोन मिनिटं असताना गिटारीसमोर उभे राहिले. आज बसायचं नाही असं ठरवलं होतं. तिच्याबरोबर फिरायला जायचं, जिथवर जाईल तिथवर. म्हणून पायात चपलाही घालून ठेवल्या होत्या.

चार वाजले.

पहिला पिकअप खाली गेला. आधी एक कड, मग दुसरी.

मग दुसरा.

त्यांनी पट्टी लावली. दोन्ही पाच. केसाचाही फरक नाही.

मिलिमीटरांनी मागे वळून खुर्च्यांकडे पाहिलं. उसवलेलं कापड, आत कापल्याच्या जागी चौकोनी खड्डे. दोन्ही रिकाम्या.

ते काट्याकडे गेले. आधी वीस किलोचं वजन ठेवलं. काटा वीसवर. वजन उतरवलं. काटा शून्यावर आला.

मग ते चढले.

खाली वाकून, चष्मा सारखा करून त्यांनी पाहिलं. शून्यावर इतका स्थिर काटा एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

ते उतरले आणि गिटारीपाशी येऊन थांबले. हातातली पट्टी तारांखाली तशीच धरलेली.

साडेपाचला पहिला पिकअप वर आला, रोजच्यासारखा.

दुसरा खालीच राहिला.