चालली कमी, झिजली जास्त

"मावशी, लगेच ये." भाचीचा आवाज फोनवर दबका होता. "गाडी बरी वाटतेय. पण ज्या बाई विकतायत त्या मघापासून डोळे पुसतायत, आणि त्यांचे दीर म्हणतायत, व्यवहार आजच्या आज उरका."

"काही लोक गाडी विकताना रडतात, बाकीचे घेतल्यावर. इंजिन चालू करू नकोस. मी येतेय."

मावशीने उभी हयात विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर ती ओळखीतल्यांना जुन्या गाड्या बघून देत असे. भाची फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर या घरून त्या घरी जावं लागे. तिला रोज वापरायला लहान, कमी पेट्रोल पिणारी गाडी हवी होती.

पांढरी हॅचबॅक कागदोपत्री विकणाऱ्या बाईंच्या नावावर होती. ती एका दुमजली घराच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी होती. गाडीशेजारी शाळेच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या बाई पदर मुठीत धरून उभ्या होत्या. थोरले दीर दाराला टेकले होते. माणूस उंच, इतका की तळघराच्या तुळईखालून येताना त्यांना मान वाकवावी लागली.

"कोण वापरायचं?" मावशीने विचारलं.

"माझे मिस्टर. ऑफिसला." बाई म्हणाल्या. "महिना झाला. ते घरी आलेले नाहीत."

भाचीने मावशीकडे बघितलं. मावशीने बॉनेट उघडलं.

"पोलीस काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार?" उत्तर थोरल्यांनी दिलं. "तो सकाळी गाडी घेऊन गेला, दोन दिवसांनी रात्री गुपचूप येऊन गाडी इथं लावली, किल्ली पत्रपेटीत टाकली आणि निघून गेला. शहाणा माणूस स्वतःच्या पायांनी गेलाय. त्यांनी फाइल बाजूला ठेवली."

"त्याला येताना बघितलं कोणी?"

"गाडी काय आपोआप आली?"

मावशी हसली नाही. तिने तेलाची कांडी ओढून बोटावर थेंब घेतला. तेल डांबरासारखं काळं होतं. तिने प्लग काढला, त्यावर काजळी जमली होती. मग ती गुडघ्यावर बसून टायर चाचपू लागली. गाडीच्या जन्मवर्षाचेच टायर, खाचा खोल. ब्रेकचे पॅड जाड. मीटरवरचा आकडा अगदीच लहान.

"मीटर मागे फिरवलाय," थोरले म्हणाले. "मी आधीच सांगतो, नंतर आम्हाला दोष नको. किती पेट्रोल लागायचं ते हिला विचारा. एवढं पेट्रोल, आणि मीटर जागच्या जागी? दुसरीकडे कुठंतरी त्याचा संसार होता. तिकडे फेऱ्या चालायच्या."

"भाऊजी!"

"अगं, खरं ते खरं. किती दिवस तोंड लपवशील? म्हणून तर सांगतोय, गाडी विक, कागदावर सही कर आणि माहेरी जा. आईजवळ चार दिवस बरं वाटेल."

"कसला कागद?" मावशीने टायरवरून नजर न काढता विचारलं.

"घरचा. तुमचा त्याच्याशी संबंध नाही."

"बरोबर. माझा संबंध गाडीशी." ती उठली. "तुम्ही चालवलीत कधी ही?"

"मी?" थोरले हसले. "या खेळण्यात माझे पाय तरी मावतील का? कधी बसलोसुद्धा नाही. चला, वर फोन वाजतोय. मी आलोच."

ते गेले तशी मावशी चालकाच्या जागेवर बसली. बसताच खड्ड्यात गेल्यासारखी खचली. सीटचा फोम पार दबला होता, पाठ मोडल्यासारखी मागे कलत होती. पाय पसरला तर क्लच हाताला न लागणाऱ्या फळासारखा लांब. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकललेली होती. तिने खाली वाकून बघितलं. पुढच्या एका खाचेपाशी सीटखालच्या रुळाचं लोखंड घासून चकाकत होतं. पायपुसण्यावर टाचेने पाडलेलं भोकही तिथल्याच अंतरावर होतं.

"मिस्टर किती उंच?"

"माझ्याहून जेमतेम चार बोटं."

बाई मावशीच्या खांद्याला लागत होत्या.

मावशीने सीट हलवली नाही. उतरायला गेली तर दार उघडेना. आतली मूठ नुसतीच लुळी फिरत होती. तिने दोनतीनदा खटपट केली, मग काच खाली केली, हात बाहेर काढला आणि बाहेरच्या मुठीने दार उघडलं.

"ही मूठ कधी मोडली?"

"मूठ मोडलीय?" बाई चकित झाल्या. "मला माहीत नाही. मी डावीकडे बसायचे. तेही क्वचित. पूर्वी ते कंपनीच्या बसने जायचे. वर्षभरापूर्वी बस बंद झाली, म्हणून गाडी न्यायला लागले."

"ऑफिस कुठं?"

"शहराच्या पार दुसऱ्या टोकाला."

"तिथं फोन केलात?"

"केला ना. म्हणाले, ते आता इथं नसतात." बाईंनी मान खाली घातली. "भाऊजी स्वतः जाऊन आले. म्हणाले, राजीनामा देऊन गेलाय."

"कधीपासून नसतात, ते विचारलंत?"

असा प्रश्न असतो हेच बाईंना सुचलं नव्हतं.

मावशीने भाचीला डावीकडे बसवलं, काचा बंद करून इंजिन आणि एसी चालू करायला सांगितलं आणि स्वतः मागे जाऊन आवाज ऐकत राहिली. सायलेन्सर कुठंतरी फुटल्यासारखा फरफरत होता. टॉर्च घेऊन ती गाडीखाली शिरली. सांध्याला भोक, आणि नेमकं त्याच्या वर, चालकाच्या पायाखाली, तळातलं रबरी बूच गायब.

"मावशी, डोकं जड झालं गं," भाची कपाळ चोळत उतरली. "कसला वास भरलाय आत."

"गाडी बंद कर. बाहेर मोकळ्यावर जाऊन उभी राहा."

शेवटी मावशीने डाव्या बाजूचा कप्पा उतरवून एसीची जाळी ओढली. जाळी पिवळसर, पिठासारख्या बारीक भुशाने गच्च भरली होती. तिने चिमूट नाकाशी धरली. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास.

"जवळपास लाकडाची वखार आहे?"

"आहे ना. जुन्या मालधक्क्याच्या गल्लीत. इथून पायी गेलं तरी फार लांब नाही," बाई म्हणाल्या. "पण आमचं कुणी तिकडे जात नाही."

"आम्ही येईपर्यंत कशावरही सही करू नका," मावशी म्हणाली. "आणि थोरल्यांना सांगा, गिऱ्हाईक पक्कं आहे, चहा टाकून ठेवा."

*

वखारीचा मालक कानात कापूस घालून बसला होता. करवतीच्या आवाजावर ओरडत बोलण्याची त्याला सवय झाली होती.

"पांढरी गाडी? रोजची! माझ्या भिंतीला पाठ लावून उभी असायची. सकाळी यायची, संध्याकाळी जायची. पाऊस असो, ऊन असो, साहेब आत. इंजिन चालू."

"करायचे काय?"

"काही नाही. शर्ट इस्त्रीचा, डबा मांडीवर. एकदा मी म्हटलं, साहेब, आत येऊन बसा, पंखा आहे. तर म्हणाले, 'नको, निघतोच आहे.' वर्षभर निघतच होते बिचारे."

"मग?"

"मग एका दुपारी आरडाओरडा झाला. मी करवतीवर होतो. हात मोकळे करून येईपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीतून वळली होती. कुणाला नेलं, कुठं नेलं, देव जाणे. गाडी मात्र इथंच."

"किती दिवस?"

"दुसऱ्या दिवशी होती. तिसऱ्या दिवशीही होती. चौथ्या दिवशी सकाळी उघडायला आलो तर जागा रिकामी."

परतताना भाची म्हणाली, "जिवंत असतील ना गं?"

"ते सांगू शकेल असा एकच माणूस आहे. आणि तो आपल्यासाठी चहा टाकून बसलाय."

*

थोरले खुशीत होते. चहा खाली गाडीपाशीच आला होता. "मग? ठरलं?"

"जवळजवळ. धूर तेवढा बघायचा राहिला. जरा बसून इंजिन चालू करता? हिचं डोकं दुखतंय, आणि मला मागे उभं राहायचंय."

"मी? अहो, माझे पाय—"

"मिनिटभराचं काम. मग पैसे आणि कागद, दोन्ही एकदमच उरकू."

शेवटच्या शब्दांनी काम केलं. थोरले आत बसले. गुडघा कुठं अडला नाही, डोकं छताला लागलं नाही. सीटला त्यांनी हात लावला नाही, आरशाला लावला नाही. गाडी घरघरत चालू झाली. मावशीने मागे क्षणभर उभं राहिल्यासारखं केलं.

"बास. बंद करा आणि या बाहेर."

थोरल्यांनी किल्ली फिरवायच्या आधी काच खाली केली. मग हात बाहेर काढून बाहेरच्या मुठीने दार उघडलं आणि उतरले.

बाईंनी ओठांशी नेलेला कप खाली घेतला.

"काय झालं?" थोरल्यांनी विचारलं.

"आतली मूठ मोडलीय," मावशी म्हणाली. "मी बसले तेव्हा खटपट केली. कोणीही करेल. हात आधी आतल्या मुठीकडेच जातो. तुमचा गेला नाही. कधीच न बसलेल्या माणसाला ते कसं ठाऊक?"

"मला... हिनं सांगितलं असेल."

"मला स्वतःला आज कळलं, भाऊजी," बाई हळूच म्हणाल्या.

"बसा," मावशी म्हणाली, पण तिथं बसायला काही नव्हतं, म्हणून सगळे उभेच राहिले. "मीटर कोणी फिरवलेला नाही. टायर पहिलेच आहेत, ब्रेक झिजलेले नाहीत. गाडी खरंच कमी चाललीय. झिजलंय ते इंजिन आणि चालकाची सीट. म्हणजे गाडी चालत नव्हती, चालू ठेवून उभी होती. पेट्रोल गेलं ते उभ्या उभ्या. दुसरा संसार वगैरे काही नाही, बाई. तुमच्या मिस्टरांची नोकरी वर्षापूर्वीच गेली. कंपनीची बस बंद झाली नाही, त्यांचंच बसमध्ये चढणं बंद झालं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून साठवलेल्यातून घर चालवलं आणि डबा घेऊन दिवसभर वखारीच्या भिंतीला गाडी लावून बसले. भुसा जाळीत आहे. मालकानेही ओळखलं."

मावशीने गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं.

"सायलेन्सर फुटला. मागे भिंत, काचा बंद, धूर तळातून आत. हिला थोड्या वेळात डोकेदुखी झाली, ते तर दिवसभर बसायचे. बेशुद्ध पडले, लोकांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. गाडी गल्लीतच राहिली. मग दोन दिवसांनी ती घरी आणणारे ते नव्हते, ते उठूच शकत नव्हते. आणणाऱ्याने सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलली आणि पुढे घ्यायला विसरला. या घरात एवढ्या लांब पायांचा माणूस एकच. साहेब, किल्ली तुम्हाला कुणी दिली?"

थोरल्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"इस्पितळाने. त्याच्या सामानात होती. त्याच्या फोनवर शेवटचा कॉल मला होता. उसने मागत होता. मी गेलो तेव्हा शुद्धीत आला होता. म्हणाला, दादा, हिला सांगू नकोस. हात जोडले त्याने. मी त्याचंच तर ऐकलं!"

"पहिल्या दिवशी ऐकलंत," मावशी म्हणाली. "मग लक्षात आलं की भाऊ अंथरुणात, वहिनी अंधारात आणि घर त्या दोघांच्या नावावर. दोघांनी सही केली की घर तुमचं. गाडी आणून लावलीत, म्हणजे पोलिसांना वाटावं तो आपणहून गेला. आणि त्याला काय सांगितलंत?"

थोरले जिन्याकडे वळू लागले.

"भाऊजी, त्यांना काय सांगितलंत?"

"म्हटलं... तुला सगळं कळलंय. तू चिडून माहेरी गेलीस. तोंड बघायचं नाही म्हणालीस."

"आणि त्याने सही केली," मावशी म्हणाली.

थोरल्यांनी होकारार्थी मान हलवली. बाईंनी कप जिन्याच्या पायरीवर ठेवला. त्या ओरडतील असं भाचीला वाटलं होतं. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"किल्ली द्या."

*

चारी काचा उघड्या ठेवून मावशीने थोरल्यांनी सांगितलेल्या इस्पितळाकडे गाडी चालवली. निघायच्या आधी तिने सीट पुढे ओढली. चकाकणाऱ्या खाचेत ती खटकन बसली. बाई डावीकडे. त्या वाटभर उजव्या सीटच्या कडेचा विरलेलं कापड बोटांनी चाचपत होत्या. भाचीने मागच्या सीटवरून पोलिसांना फोन लावून दिला होता. अंमलदार आता फाइल शोधत होते.

लांबट वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक बारीक माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. हात पांघरुणावर कापत होते. भाचीने धंद्याच्या सवयीने त्या हातांकडे बघितलं. मावशी दारातच थांबली.

पावलांचा आवाज ओळखून तो वळला. ओठ हलले, शब्द अडखळले.

"ऑ... ऑफिस... मी..."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

त्याने डोळे मिटून पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. बाई खाटेपाशी गेल्या. महिनाभर विचारायचे म्हणून जमवलेले सगळे प्रश्न बहुधा त्यांच्या जिभेवर होते. त्यांतला एकही त्यांनी विचारला नाही. त्यांनी पर्स उशाशी ठेवली.

"सरका जरा," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी बसल्या.