सदतीस नंबरचं दुपटं

यात एक अक्षरही पदरचं नाही. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, भर दुपारी हे घडलं. ईप्सिता आजही ते सांगताना खुर्चीतून उठून उभी राहते.

तिची ओवी तेव्हा चार महिन्यांची. बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंना इमारतीच्या तळघरात, कुणाकुणाच्या पसाऱ्यात, एक बेवारशी ट्रंक सापडली होती. वर शिकागोचं लेबल, आत मऊसूत जुनं सुती कापड. जुनेर बाळाला टोचत नाही, म्हणून त्यांनी ते उकळून घेतलं आणि दुपटं शिवलं. मधोमध काळ्या धाग्याने भरलेला आकडा मात्र उसवेना.

३७.

"असू दे गं, नक्षी समज," म्हणाल्या आणि पुण्याला परतल्या.

त्या रविवारी नवरा, ध्रुव, लॅबमध्ये होता. दुपट्यात गुरफटलेली ओवी येरझाऱ्यांत ईप्सिताच्या खांद्यावर झोपली. ईप्सिता अलगद पलंगावर टेकायला गेली...

शिट्टी वाजली.

अगदी कानाशी. मैदानात पंच वाजवतो तशी.

घरात दुसरं कुणी नव्हतं.

भास असेल, म्हणून ती पुन्हा वाकली. आणि मानेवरचा ओवीचा कोमट श्वास... थांबला.

ती ताडकन उभी राहिली. चार पावलं चालली. श्वास सुरू.

खांद्यावरून जरा दूर केलं... पुन्हा थांबला.

मग तिने काही करून पाहिलं नाही. ती चालत राहिली. फोन पलंगापलीकडे, जमिनीवर. दाराकडे निघालं की पाय आपोआप वळायचे. टेबल, खिडकी, पुन्हा टेबल. एक तास... दोन तास. पोटऱ्यांत गोळे आले.

"माझं सोनं ते. आई चालतेय हं," ती पुटपुटत होती.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

तिचे पाय दोन, पण पावलं चार वाजत होती.

तेवढ्यात बेल वाजली. या वेळी पाय दारापर्यंत गेले. दारात खालच्या मजल्यावरच्या, ऐंशी उलटलेल्या बाई, फ्राउ काइल.

"रविवारची शांतता पाळायची असते. दोन तास दोघं बूट घालून नाचताय."

ईप्सिता अनवाणी होती. जागच्या जागी पावलं टाकत ती रडायला लागली.

फ्राउ काइलची नजर आकड्यावर गेली. चेहरा उतरला. त्यांनी दुपटं ओढून काढलं.

ओवीने टाहो फोडला. ईप्सिता मटकन गुडघ्यांवर बसली.

शिट्टी वाजली नाही.

ट्रंक फ्राउ काइलच्या आजीच्या बहिणीची, लेनीची. १९२८ साली ती शिकागोला गेली होती. तिकडे तेव्हा पैसा नुसता उधळला जात होता म्हणे, पण लेनीच्या वाट्याला आली परक्यांची धुणी. म्हणून ती नाचाच्या शर्यतीत उतरली. लोक तिकीट काढून बघायला यायचे. जोड्यांनी दिवसचे दिवस नाचायचं, एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर झोपायचं. गुडघा टेकला की शिट्टी, जोडी बाद. शेवटपर्यंत टिकेल तिला बक्षीस. लेनीच्या पाठीवर नंबर होता सदतीस.

"सोळाव्या दिवशी जोडीदार तिच्या खांद्यावर झोपेतच गेला," फ्राउ काइल म्हणाल्या. "तिला कळलंच नाही. सहा तास त्याला घेऊन नाचत होती."

दुपटं त्या घेऊन गेल्या.

ओवी आता अकरा महिन्यांची आहे. खुदुखुदू हसते. पण ती रांगलीच नाही. गुडघे जमिनीला टेकवायला गेलं की अंग ताठ करते. काही बाळं थेट उभी राहतात, असं डॉक्टर म्हणतात.

सोफा धरून उभी राहते ती. या पायावरून त्या पायावर डुलते. डुलता डुलता डोळे मिटतात, मान एका बाजूला कलते...

आणि तिथेच, हवेत, टेकून राहते.