चादरीच्या तंबूतलं नाव

चप्पल माझी होती.

रजा संपवून मी मुंबईच्या इस्पितळात परत निघाले होते. रेवसच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत होते. समोर टोपलीवर बसलेल्या एका तरुणाचा उजवा हात आपोआप उडू लागला... मग तोंड वाकडं झालं... मग तो फळ्यांवर कोसळला.

"फीट आली! चप्पल हुंगवा!"

कुणीतरी माझ्याच पायातली चप्पल ओढली आणि त्याच्या नाकाला लावली. मी ती हिसकावली. त्याला कुशीवर वळवलं. नर्स आहे मी.

त्यानं डोळे उघडले. शब्द उशिरा आले.

"चप्पल... कुनाची?"

"माझी."

"म्हनून शुद्ध आली."

मी चिडले. की हसले? दोन्ही, बहुतेक.

तो धर्मा, काशीदचा कोळी. फीट येणाऱ्याला होडीवर कुणी घेईना, म्हणून भाऊ येसाजी त्याला मुंबईला दाखवायला नेत होता. मी केसर, थेरोंड्याच्या कोळ्यांतली. एकाच बोटीनं गेलो. पुढे वॉर्डही माझाच निघाला.

*

गाठ होती. मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून.

डॉक्टर परदेशात शिकून आले होते. हे ऑपरेशन आमच्याकडे नवंच. रोग्याला झोपवायचं नाही. डोक्याची कातडी बधिर करायची, कवटी उघडायची आणि त्याला बोलतं ठेवायचं. मेंदूला हलक्या विजेचा स्पर्श करायचा. जिथं बोलणं अडेल ती जागा सोडायची आणि उरलेल्या बाजूनं गाठ काढायची.

"दुखंल?" धर्मानं विचारलं.

"मेंदूला दुखत नाही."

"मंग कुनाला दुखतं?"

मी त्याची गोळी पुढं केली.

त्याच्याजवळ बसायला डॉक्टरांनी मला निवडलं. त्याची बोली त्यांना कळेना. शब्द चुकला की बोलीच तशी, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं.

आदल्या संध्याकाळी त्याचं डोकं भादरलं.

"नारळ दिसतोस," मी म्हटलं.

"मंग नारळी पुनवंला वाहा दर्याला." तो हसला. मग हसू विझलं. "मेलो तर मेलो, सिस्टरबाय. पन मुका होऊन आलो तर? होडीवरनं हाक कशी मारू?"

"कुणाला मारायचीय?"

"हाय एक थेरोंड्याची. चपलावाली..." तो खिडकीकडे बघत राहिला. "बोलता आलं, तर मागनी घालाया येऊ?"

"उद्या सांगते."

सांगायचं काय होतं? खोलीवर जाऊन 'धर्मा' म्हणून बघितलं — म्हणजे म्हणायला गेले, आणि ओठ मिटले. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, आई सांगायची. नर्सिंगच्या पुस्तकात असलं काही नाही. तरी ओठ मिटले ते मिटले.

*

चादरीचा तंबू. आत दोनच चेहरे, त्याचा आणि माझा. पलीकडे डॉक्टर.

करवतीचा आवाज... तो मी सांगणार नाही.

"मासळीची नावं सांग."

"बोंबील. मांदेली. सुरमई. हलवा. पाप—"

.

"करंट दिला होता," डॉक्टर म्हणाले. "इथं आकड्याची चिठ्ठी ठेवा. ही जागा सोडायची."

"—लेट." त्याच्या कपाळावर घाम. "बाय, मी बोलत व्हतो ना? त्वांड हललं न्हाय."

"विजेची खोडी ती. पुढं सांग."

"तूच सांग. आज नावानं हाक का न्हाय मारत?"

"मारते की."

"न्हाय. सकाळधरनं 'अरे' आणि 'ऐक'. कालपत्तर तर धर्मा गोळी घे, धर्मा गप पड—"

"इतकं बोलू नकोस."

"डॉक्टर तर म्हनतात बोल!"

चादरीपलीकडे कुणीतरी हसलं. तो कुजबुजला, "नाव घेत न्हायस, म्हंजे... बाय, तू मला—"

.

.

"करंट?" मी विचारलं.

"नाही." डॉक्टरांचा आवाज बदलला होता. "गाठ सुटतेय. हाक मारा त्याला."

"अहो..." मी म्हटलं. "अहो, ऐकलं का?"

डोळे उघडे. माझ्यावर नाहीत.

"नावानं, सिस्टर!"

घेतलं तर आयुष्य कमी. नाही घेतलं तर —

"धर्मा!"

काही नाही.

"धर्मा! ए धर्मा!"

पापणी हलली. मग ओठ.

"...व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "घाल मागणी. व्हय!"

*

तो जगला. फिटा थांबल्या. पण शब्द गळाले, आणि नेमकी नावंच. बोंबलाकडे बोट दाखवायचा, "ते... ते..." माझ्याकडे बघायचा आणि त्याचे डोळे भरायचे.

मी नाव घेतलं, म्हणून त्याची नावं गेली का? हे कुणाला विचारणार?

"सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "काही शब्द परततील, काही नाही. त्याच्याकडून गाणी म्हणवून घ्या. गाण्याची वाट मेंदूत वेगळी असावी... आम्हीही अजून शिकतोय."

बोंबील परत आला. सुरमई आली. केसर आली नाही.

तरी त्यानं मागणी घातली. बोटानं. आधी माझ्याकडे, मग स्वतःकडे. माझी आई रडली, मग हो म्हणाली.

*

लग्न लागून आलो, तर काशीदच्या दारात त्याच्या बहिणीनं, वेणूबाईनं, आडवा हात धरला.

"नाव घे, दादा. त्याबिगर घरात न्हाय."

"अगं, त्याला येत न्हाय—" येसाजी पुढं झाला. वेणूबाईचा हात खाली येऊ लागला.

धर्मानं मान हलवली. थांब. त्याची बोटं माझ्या मुठीत गार पडली होती. ओठ हलले... काही नाही. पुन्हा हलले... काही नाही. मला वाटलं, तिथून पळावं, त्याला घेऊन.

मग त्याचा पाय ताल धरू लागला. वल्हं मारताना धरतात तसा.

"काशीदच्या दर्याला भरतीची लाट,
केसरचं नाव घेतो, सोडा आमची वाट!"

बाया ओरडल्या. सगळ्यांत जास्त चकित तोच होता.

"नुसतं म्हण," मी हळूच म्हटलं.

"केस... के..." गेलं. त्यानं पुन्हा दर्यापासून सुरुवात केली, आणि लाटेवरून मी परत आले.

"आता तू घे गं, वयनी," वेणूबाई म्हणाली.

माझे ओठ मिटले.

"माझं घेऊन झालंय," मी म्हटलं. "उभ्या जन्माचं, एकदाच."