कोळशाची रेघ

नवऱ्याचा ट्रॅक्टर चार वर्षं बंद पडून आंब्याखाली उभा होता आणि कोंबड्या त्याच्या बैठकीवर अंडी घालत होत्या. पावसाला तीन आठवडे उरले तेव्हा तो मक्याच्या रिकाम्या छपरात ढकलून आणला. बैल गेल्या साली तापानं मेले, नवरा मुन्सांजे त्याच्या आधी. शेत नांगरलं नाही, तर पुढच्या साली मी आणि माझी सात वर्षांची लुयांदो काय खाणार?

इंजिन मी जन्मात खोललं नव्हतं. कोंबडी सोलली होती. तसंच केलं. एकेक भाग काढायचा, सिमेंटच्या जमिनीवर ठेवायचा, भोवती कोळशानं रेघ ओढायची. भाग धुऊन परत बसला की ओल्या फडक्यानं त्याची रेघ पुसायची. जमीन कोरी झाली की इंजिन पुरं.

नणंद दारात उभी राहून बघायची. आत पाऊल टाकायची नाही.

"दादाचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही," ती म्हणाली.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या आईकडच्या कुणीतरी त्याचं नाव स्वतःला घ्यायचं असतं, म्हणजे घरच्यांसाठी तोच व्हायचं असतं. मग त्याची माणसं, त्याची अवजारं, सगळं तो सांभाळतो. मुन्सांजेच्या भाच्यांनी खाणीच्या शहरातून निरोप धाडला होता, सवड नाही.

"मग तुम्हीच घ्या ना, वन्सं."

"मला माझंच जड झालंय. नाव रिकामं असताना त्याची वस्तू उघडू नये, लुयांदोच्या आई. तो अजून कुणाची तरी वाट बघत असेल."

"बघू दे. तोवर ही रिंग कुठल्या पिस्टनची, ते त्यालाच विचारा."

ती हसली नाही.

दुसऱ्या पिस्टनचं खालचं टोपण मी तिसऱ्याला लावलं, क्रँक अडकला, दोन दिवस गेले. तेराव्या दिवशी दुपारी शेवटचा नट आवळला, शेवटची रेघ पुसली. उसनी बॅटरी जोडली. इंजिन हललंसुद्धा नाही.

पाना घ्यायला वळले, तर जमिनीवर एक रेघ.

एखादा भाग राहिला असेल म्हणून पोती उचलून पाहिली. काही नव्हतं. मग खाली बसले. रेघेला पाच बोटं होती. उजवा हात. करंगळी टोकाशी बाहेर वळलेली.

लहानपणी माझी करंगळी मुसळाखाली आली होती. ती अशीच जुळली.

पुसली. सकाळी तिथंच परत.

"मी नाही काढली," लुयांदो म्हणाली. "माझा हात एवढा मोठा आहे का?"

नणंदेनं दारातूनच पाहिलं. जमिनीकडे नाही, माझ्या हाताकडे.

"ठेवू नकोस हात तिथं."

नाही ठेवला. बादलीभर पाणी ओतलं, ब्रशनं घासलं, बॅटरी शेजाऱ्याला परत दिली, दाराला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. चार सकाळी रेघ तीच, तिथंच.

पाचव्या सकाळी ती लहान होती.

करंगळी सरळ.

मागून लुयांदो आली, हातात पेजेची वाटी.

"आई, हा बघ, हा माझा."

वाटी ठेवून ती उकिडवी बसली. हात पुढे केला.

मी तिला ढकललं. पेज सांडली. आणि माझा हात मी दाबून खाली ठेवला, त्या लहान रेघेवर.

जमीन गरम होती.

पाठीमागे ट्रॅक्टरचा पंखा एकदा फिरला. मग इंजिन सुरू झालं.

शेत वेळेवर नांगरलं. मका कमरेपर्यंत आलाय. लुयांदो बरी आहे, फक्त छपरात येत नाही.

नणंद मात्र येते. दुपारी आत येऊन माझ्यापुढे ताट ठेवते, खाली बघत.

काल हळूच म्हणाली, "दादा, अजून वाढू?"

मी ताट पुढे केलं. करंगळी सरळ होती.