चौथा पत्ता

बेटावरच्या लेवुका गावात, टेलिफोन खात्यात वाइसाकेची उभी हयात खांबांवर चढण्यात गेली होती. त्यामुळे घरातला वीतभर राउटर आपलं ऐकत नाही, हे त्याला फार लागलं. त्याची बायको लितिया तीन आठवडे समुद्रापलीकडे सुवाच्या इस्पितळात होती आणि जेवणाला शिवत नव्हती. "मला माझं घर दाखवा, मग बघू," एवढंच म्हणायची. म्हणून त्याने व्हरांड्यात तिच्या कुंड्यांसमोर कॅमेरा लावला. पण बाहेरून, तिच्या मोबाईलवरून आलेली हाक राउटर दारातच अडवत होता. ती आत कुणाकडे पाठवायची, तो पत्ता राउटरच्या नियमात लिहून द्यायला हवा होता.

दुपारी मेहुणा तोमासी आला, त्याने लाकडी भांड्यात यंगोना हे मुळांचं पेय कालवलं, एक करवंटी घशात ओतली आणि रीतीप्रमाणे तीन टाळ्या वाजवल्या. वाइसाकेनेही उरकून घेतलं. मग राउटरची यादी उघडली. पहिला लॅपटॉप, दुसरा टीव्ही, तिसरा कॅमेरा. चौथ्याला नाव नव्हतं.

"दाजी, माझी बहीण इस्पितळात, आणि तुमच्या घरात हे चौथं कोण?"

"तुझी अक्कल असेल. हरवली होती ना?"

चौथा कोण ते बघायला वाइसाकेने टीव्ही बंद केला, कॅमेऱ्याची वायर काढली. दोन्ही नावं यादीतून गेली. चौथा राहिला.

दुसऱ्या कुणी बटण दाबून त्याला बाहेर काढलं असतं. वाइसाकेला ते बरं दिसेना. घरात आलेल्याला असं हाकलायचं?

"बसू दे, पाहुणा आहे," तो म्हणाला.

नियमात त्याने कॅमेऱ्याचा पत्ता म्हणून तीन लिहिले. पान पुन्हा उघडलं तर तिथे चार. पुन्हा तीन लिहिले. पुन्हा चार.

"चष्मा लावा, दाजी."

"लावलाय."

इतक्यात मोबाईल वाजला.

"अहो, दिसलं!" लितिया हसत होती. किती दिवसांनी! "नवी चटई काढलीत वाटतं? आणि तोमासीने शर्ट उलटा घातलाय."

शर्ट खरंच उलटा होता.

"कुंड्या दिसतात का?"

"कुठल्या कुंड्या? तुम्ही दोघं दिसताय. वरच्या दाराकडून."

वरचं दार वडीलधाऱ्यांचं. वाइसाकेचे वडील गेल्यापासून ते बंद होतं, आणि त्यापुढच्या चटईवर कुणी बसत नसे. दोघांनी तिकडे पाहिलं. दार बंद. चटई रिकामी.

कॅमेऱ्याची वायर अजून वाइसाकेच्या मांडीवर होती.

त्याचं बोट नियम पुसायच्या बटणावर गेलं.

"आज इथे नारळाच्या रसातला मासा आहे," लितिया म्हणाली. "तुमच्याकडे बघत जेवेन म्हणते."

बोट मागे आलं.

"पण पहिली करवंटी त्यांना न देता तुम्हीच प्यालात? लाज कशी नाही वाटली?"

कुणाला, हे त्याने विचारलं नाही. करवंटी भरली, गुडघ्यांवर सरकत जाऊन चटईवर ठेवली आणि मान खाली घालून मागे आला. तोमासीने शर्ट काढून सुलटा घातला.

फोनमधून घास चावल्याचा आवाज येत होता.

"वाजवल्या हो त्यांनी तीन टाळ्या," लितिया म्हणाली.

घरात काहीच वाजलं नव्हतं. वाइसाकेने मान वर केली. करवंटी जागेवरच होती. कोरडी.

"अहो, दुसरी भरा की. केव्हाचे हात पुढे करून बसलेत."